उघड्या तोंडाचा ठराव

उन्हाळी कांदा निघाला की आमच्या गावात पापुद्रे उडायला लागतात. मिरजगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कांदा साठवायच्या चाळी आहेत. तिथं बायका दिवसभर कांदा निवडत बसतात, आणि वारा सुटला की गुलाबी, पातळ पापुद्रे उठून गावात शिरतात. शाळेच्या खिडक्यांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या कपात. दुपारी रस्त्यावर माणूस नसतं. नुसते पापुद्रे रस्ता ओलांडत असतात, पलीकडे त्यांचं काही काम असावं तसे. त्या वर्षाची सगळी हकिगत मला याच रंगात आठवते. घडलं ते भांडणच होतं, पण आठवताना त्याचा आवाज दूर गेलेला असतो आणि माणसांची तोंडं तेवढी हळूहळू जवळ येतात.

मी पत्रकांवर वाढले. आजोबांनी छप्पन साली घरातले देव काढले, आणि देव्हाऱ्याची जी जागा रिकामी झाली ती पुढे वडिलांनी पत्रकांनी भरली. वडील साखर कारखान्यात कामाला होते. संप, सभा, परिषद, मोर्चा, कुठंही गेले तरी पत्रक घडी करून आणायचे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर सभा' या दोन शब्दांवर. त्यामुळे माझी वाक्यं लहानपणापासून उद्गारचिन्हावर संपतात. आई म्हणते, ही मीठसुद्धा मोर्चा काढल्यासारखी मागते. कॉलेजात असताना मी स्वतःचं पत्रक काढायला लागले. त्यातलं एक बुरख्यावर होतं. बाईचा चेहरा झाकणारं कापड कुठल्याही धर्माचं असो, ते बाईच्या अपमानाचं कापड आहे, असं मी लिहिलं होतं. ते मला आजही पटतं.

त्या वर्षी मी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करत होते. दाखले काढायचे, उतारे द्यायचे, ग्रामसभेचे ठराव टाइप करायचे. दुपारी जेवायला घरी आले की परत जाण्याआधी थोडा वेळ खालाकडे टेकायचे.

खाला म्हणजे आमच्या बोळातली शिवणकाम करणारी बाई. गाव मुसलमान बायकांना सरसकट भाभी म्हणतं तसं तिलाही म्हणतं, मी लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणते. तिचं मशीन खिडकीशी आहे. खिडकीला जुन्या अस्तराचा पडदा, त्यातून गाळून आलेला पिवळट उजेड, आणि त्या उजेडात तरंगणारे धाग्यांचे तंतू. मशीन चालू असलं की डोळे मिटायला लागतात. त्या खोलीत मी जितकी भांडले तितकीच पेंगलेही आहे.

काही वर्षांपूर्वी खालाच्या ओठाच्या कोपऱ्याशी एक पांढरा ठिपका आला. मग डोळ्यांच्या कडेला, मग गालावर. कोड. तोवर खाला डोक्यावर ओढणी घेऊन, उघड्या तोंडानं सगळीकडे फिरायची. ठिपका वाढला तसा तिनं बुरखा शिवला, स्वतःच्याच मशीनवर, आणि त्याला तोंड झाकणारा नकाबही लावला. गाव म्हणालं, भाभी धार्मिक झाली. खालानं गावाला तसं म्हणू दिलं. कारण आमच्याकडे आईला कोड असलं की मुलीला स्थळ येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि खालाला एकच मुलगी. त्या वर्षी तिचं राहात्याच्या एका पेरूवाल्या घरात जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडच्यांनी मुलगी पाहिली होती, खालाला पाहिलं होतं ते नकाबात.

घरात मात्र ती माझ्यासमोर तोंड उघडं ठेवायची. मला वाटायचं, तिच्या मुलीनंतर हे फक्त मलाच माहीत आहे. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

"खाला, कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शाप नाही. मुलीला होईलच असंही नाही. माझ्याकडे पत्रक आहे."

"मंग पत्रकाशीच लावून देऊ का पोरीचं लगीन?"

"तू झाकतेस म्हणून लोकांना वाटतं, झाकण्यासारखं काहीतरी आहे."

"मासं आन दूध एका टायमाला खाल्लं, त्यानं झालं हे."

"त्यानं नाही होत."

"मंग कशानं हुतंय?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

"बघ! तुझ्या डाक्टरला कळलं न्हाई, मला कळलं." ती सुईत दोरा ओवायची. "आला मोठा छापखाना."

ती मला छापखाना म्हणायची. मी म्हणायचे, तुझा बुरखा मला पटत नाही. ती म्हणायची, तुला घाल म्हनलं का मी? आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

एप्रिलमध्ये बाजारातून एक मोटरसायकल चोरीला गेली. पंचायतीनं नवीन बसवलेल्या कॅमेऱ्यात चोर दिसला, पण तोंडाला काहीतरी बांधलेला. काय बांधलं होतं ते त्या चित्रात कुणालाच ओळखता येईना. पण दोन दिवसांत गावाच्या मोबाईलवर कुठल्या तरी लांबच्या शहरातली एक चित्रफीत फिरायला लागली, त्यात बुरखा घातलेला एक पुरुष पकडला गेला होता. तिथून पुढे आपली मोटरसायकलही बुरख्यातूनच गेली, असं सगळे बोलायला लागले. पारावर चर्चा, सलूनमध्ये चर्चा, डेअरीवर दूध घालताना चर्चा. परदेशात कुठं कुठं बंदी आहे ते सलूनवाल्याला तोंडपाठ झालं.

तरुण मंडळाचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. तो एक कागद घेऊन ऑफिसात आला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"महाराष्ट्र दिनाच्या सभेत घ्यायचाय. टाइप कर."

गावातील बाजार, शाळा, ग्रामपंचायत कार्यालय व इतर सार्वजनिक ठिकाणी कोणत्याही व्यक्तीने चेहरा पूर्ण झाकून येऊ नये, असं त्यात लिहिलं होतं.

"धर्माचं नाव कुठं आलं नाही," मी म्हणाले.

"मुद्दाम न्हाई घेतलं. उगाच कायद्यात अडकाय नको."

"मग हा कुणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी."

"कांदा निवडणाऱ्या बायांसाठी पण? तुझी आई तर डोळे सोडून सगळं बांधून बसते."

"ते येगळं गं. ते कामाचं हाय." मग जरा वाकून म्हणाला, "तूच तर लिहिलं हुतंस ना कॉलेजात? अपमानाचं कापड. लई भारी वाक्य हाय ते. मी ठेवलंय जपून."

तो गेल्यावर मी संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले. कागदावरचे शब्द मला परके नव्हते. माझंच वाक्य दुसऱ्याचा शर्ट घालून आलं होतं आणि मला ओळख दाखवत होतं. एक क्षण वाटलं, खरंच आहे, होऊ दे ठराव, सुटतील बाया एकदाच्या. पंखा फिरत होता. टेबलावर एक पापुद्रा आला, पंख्याखाली आला की उठायचा, पुन्हा बसायचा. मग मला खालाचा सोमवारचा बाजार आठवला. दोरे, हुक, अस्तर, सगळं ती सोमवारी आणते. ठराव झाला तर तिला बाजारात तोंड उघडावं लागणार होतं, आणि आमच्या बाजारात जे दिसतं ते कुणाच्या ना कुणाच्या पाहुण्यामार्फत राहात्याला पोचायला आठवडाही लागत नाही. नाहीतर तिनं बाजारालाच जायचं नाही. मग मशीन बंद.

मी ठराव टाइप केला. ते माझं काम होतं. पण त्याखाली एक ओळ मी स्वतःहून लिहिली: हा विषय प्रथम महिला सभेपुढे ठेवावा.

मुख्य ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती होत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो काढून ठेवलेला असे, तोच महिला सभा म्हणून लागायचा, आणि शिपाई वही घेऊन घरोघर सह्या आणायचा. ग्रामसेवक भाऊसाहेब मला म्हणाले, "ताई, फोटो आहे की आपल्याकडे. उगा कशाला?" मी म्हणाले, फोटोत सगळ्या बाया हातात वाण घेऊन उभ्या आहेत, चेहरा झाकण्यावर चर्चा करतायत असं वाटत नाही. ते हसले आणि म्हणाले, घ्या मग, तुमच्या जबाबदारीवर.

आदल्या दिवशी दुपारी अंगणवाडीत सभा बोलावली. मला वाटलं होतं, पाच-सात जणी येतील. पण निरोप खालानं दिला होता, ब्लाऊज न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला, त्यामुळे खोली भरली. बऱ्याच जणी थेट चाळीतूनच आल्या होत्या, नाकातोंडावर ओढण्या, जुन्या साड्यांचे तुकडे घट्ट बांधून. केसांत पापुद्रे. दार लावून घेतलं. पुरुष कुणी नव्हता. मग एकेकीनं गाठ सोडायला सुरुवात केली. कुणी फडकं मानेवर ओढलं, कुणी नकाब मागे टाकला. भिंतीवर फळांची चित्रं होती, बाळांना तोलायचा काटा आढ्याला लटकत होता, आणि त्याखाली एकामागून एक तोंडं उमटत होती, घामेजलेली, नाकावर फडक्याचा वळ पडलेली. मी ज्यांना रोज दाखले देते त्याच बाया होत्या. तरी मला वाटलं, मी त्यांना पहिल्यांदा बघतेय. सगळ्या नुसत्या श्वास घेत होत्या.

खालानं मात्र नकाब काढला नाही. ती खिडकीशी बसली.

मी ठराव वाचून दाखवला.

"खरं सांगू का," डेअरीवाल्याची बायको म्हणाली, "मला तर पटतंय हे. येष्टीत शेजारी कोन बसलंय ते कळाय नको? मला लई भ्या वाटतं."

"भाभी बसलीय ते कळतंय की."

"पन कोनती भाभी?"

"तिकिटाचं पैसं मागून बघ. ज्या भाभीनं दिलं न्हाई ती आमच्या शेजारची," अध्यक्षाची आई म्हणाली. सगळ्या हसल्या, भाभ्यासुद्धा.

मग मागच्या भिंतीशी बसलेली एक मुलगी बोलली. गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली. "मला तर कुनी काढ म्हनलं तर बरंच हुईल. आमच्या गावाकडं कुनीच घालत न्हाई. हितं आल्यावर घातला. उन्हाळ्यात आतल्या आत शिजती मी."

मी उठलेच. मला वाटलं, हीच ती, जिच्यासाठी मी लिहिलं होतं. मी बोलायला लागले. कापड, अपमान, हक्क, माझी सगळी ठेवणीतली वाक्यं आली. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत होती.

"ताई, पन ते तुमी माझ्या सासूला सांगा ना," ती म्हणाली. "पंचायतीनं कशाला? पंचायतीनं काढ म्हनलं तर सासू म्हनंल, मंग बाजारालाच जाऊ नको. आत्ता निदान बाजाराला तरी येती मी."

मी खाली बसले. माझ्या कुठल्याच पत्रकात हे नव्हतं.

"माझ्याच पोराचं खूळ हाय हे," अध्यक्षाची आई म्हणाली. "दुकानात गिऱ्हाईक न्हाई, मंग गावाची उसाभर. ज्यांना घालायचं त्या घालतील, ज्यांना न्हाई त्यांनी सासूशी भांडावं. आन भाभीचं तर येगळंच..."

ती थांबली. कुणी बांगड्या मागे सारल्या, कुणी फरशीवरचा पापुद्रा उचलून बोटांत चुरडला. सगळ्या इकडेतिकडे बघत होत्या, खिडकीकडे सोडून. आणि मला कळलं. एकीला नाही, दोघींना नाही. या खोलीतल्या सगळ्या जणींना माहीत होतं.

"पानी द्या गं कुनीतरी," खाला म्हणाली.

तिला तांब्या आणि पेला दिला. तिनं नकाब वर केला आणि पाणी प्यायली. खिडकीतला उजेड तिच्या गालावर पडला होता. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, चुन्यात बुडवलेल्या बोटांनी कुणी तिचा चेहरा धरून ठेवला असावा तसे. कुणी मान खाली घातली नाही. कुणी टक लावूनही बघितलं नाही. डेअरीवाल्याची बायको, जिला ठराव पटत होता, ती तिच्या बाळाचं नाक पुसत होती. अध्यक्षाच्या आईनं खालाच्या हातातून तोच पेला घेतला, त्यात पाणी ओतलं आणि तोंड लावून प्यायली. मग फडकं पुन्हा बांधत म्हणाली, "लिव्ह बाई, नामंजूर. आमचा कांदा पडलाय."

परत येताना मी खालाला विचारलं, "या सगळ्यांना कधीपासून माहितीये?"

"माप घेताना नकाब वर करावा लागतो. टाचन्या दातात धराव्या लागतात."

"आणि कुणीच बोललं नाही? नवऱ्यांनासुद्धा?"

खाला चालत राहिली. "त्या माझ्याकडं पदर काढून हुभ्या ऱ्हातात. कुनाच्या पाठीवर काय हाय, कुनाला दिवस गेलेत, कुनाचं अंग निम्मं झालंय. मी कधी बोलले का?"

बोळात ऊन सरळ उभं होतं. आमच्या सावल्या पायाखाली आल्या होत्या. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. अर्धं गाव एक गोष्ट जाणून होतं आणि उरलेलं अर्धं त्याच गोष्टीवर सभा घेणार होतं, एकाच घरात, एकाच ताटात जेवून.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात मांडवाखाली सभा बसली. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. इतक्या बाया ग्रामसभेला कधी आल्या नव्हत्या. सरपंचबाई मध्ये बसल्या होत्या, शेजारी त्यांचे मालक. मी बाजूच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन.

अध्यक्ष चांगला बोलतो. तो म्हणाला, आमचा कुठल्या धर्माला विरोध नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कॅमेऱ्यांवर खर्च केलाय तो तोंडं दिसावीत म्हणून. दोन-तीन जण त्याच्या बाजूनं बोलले. मशिदीच्या कमिटीतले एक चाचा उठले आणि म्हणाले, आमच्या मजहबचा मामला आहे, यात पंचायतीनं पडू नये, आमच्या औरतींचं आम्ही बघून घेऊ. मला त्यांचंही बोलणं आवडलं नाही. या टोकाला 'आमच्या औरती', त्या टोकाला 'आमचे कॅमेरे'. मागे सतरंजीवर औरती बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"चाचा, मजहबचं म्हनता," अध्यक्ष म्हणाला, "मंग एक सांगा. शिवणवाल्या भाभीचंच घ्या. माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात भाभी उघड्या तोंडानं वाढत हुत्या. आमी लहान हुतो, आमाला जिलेबी दिली त्यांनी. मंग ह्या अलीकडच्या पाच-सहा वर्षांत काय झालं? कुनी शिकवलं? भाभी हितंच बसल्यात, त्यांनीच सांगावं. असं काय हाय झाकाया?"

सगळ्या माना मागे वळल्या. काळ्या बुरख्यात खाला बसली होती. दोन डोळे तेवढे दिसत होते. मांडवाच्या कापडातून ऊन झिरपत होतं आणि सगळ्यांच्या अंगावर निळा रंग पडला होता. वारा आला, पापुद्रे आले, एक तिच्या नकाबाला चिकटला. तिनं तो काढला नाही.

माझ्याकडे उत्तर होतं. एक वाक्य. ते बोलले असते तर ठराव तिथंच पडला असता, अध्यक्षाला मान वर करता आली नसती, आणि ते वाक्य खरं होतं. खरं बोलायचं, मोठ्यानं बोलायचं, हेच मी वाचत आले होते. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत राहात्याला पोचलं असतं आणि खालाच्या मुलीचं लग्न मोडलं असतं. मी दात आवळून ते आतच धरून ठेवलं होतं. बोटं आपोआप टाइप करत होती: चर्चा झाली. चर्चा झाली.

मग माझी नजर अध्यक्षाच्या आईकडे गेली. ती उठून उभी राहत होती. आता हीच बोलून टाकणार, मला वाटलं.

"ए," ती मुलाला म्हणाली, "तुला काय करायचंय भाभीच्या तोंडाशी?"

"आई, तू बस. ही सभा हाय."

"सभा हाय म्हनूनच हुभी राहिले. घरात कोन ऐकतंय? तुझ्या बापानं जल्मात माझ्या तोंडाकडं नीट बघितलं न्हाई, आन तुला सगळ्या गावाच्या बायांची तोंडं बघायचीत व्हय?"

मांडव हसण्यानं हलला. चाचाही हसले. अध्यक्षाचे वडील पुढच्या रांगेत बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"हसू नका," ती म्हणाली. "तुमची गाडी ज्यानं नेली त्याला हुडका. बायांची सभा काल झाली. आमी न्हाई म्हनलंय. वाचा की ते."

सरपंचबाईंचे मालक कागद घ्यायला पुढे झाले. सरपंचबाईंनी कागद दिला नाही. त्यांनी स्वतःच वाचला, हळू आवाजात, अडखळत, डोक्यावरचा पदर सावरत. महिला सभेस सदर विषय मान्य नाही. खाली सह्या होत्या, अंगठे होते. भाऊसाहेब म्हणाले, मग पुढच्या सभेत बघू, तूर्त तहकूब. गटाराचा विषय आला आणि लोक आपापसात बोलायला लागले.

संध्याकाळी मी खालाकडे गेले. मला वाटलं होतं, ती खूश असेल. मशीनवर कापड तसंच पडलेलं होतं.

"जिंकलीस की," मी म्हणाले.

"नाव निघालं सभेत माझं," ती म्हणाली. "आता लोक इचार करनार. आज न्हाई तर उद्या कुनीतरी बोलनार. दुसऱ्याच्या तोंडनं कळन्यापरीस माझ्या तोंडनं कळू दे." तिनं मुलीला हाक मारली. "राहात्याला फोन लाव. म्हन, अम्मीनं बोलावलंय. मर्दमान्सं नकोत, तुमी एकट्या या."

"खाला, मी येऊ? मी समजावून सांगते त्यांना."

"ये. पन बोलायचं न्हाई."

राहात्याहून मुलाची आई आली ती थोराड, अंगानं भरलेली बाई. बुरखा होता, पण तोंड उघडं. मुलीनं पाणी दिलं. मी कोपऱ्यात पाटावर बसले होते. खालानं फार वेळ घेतला नाही. पाहुणीचं पाणी पिऊन होताच तिनं नकाब सोडला आणि मशीनवर ठेवला.

पाहुणी बघत राहिली. खिडकीच्या पडद्यातून तोच पिवळट उजेड येत होता, तंतू तरंगत होते. बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुणीतरी कोंबड्यांना हाकललं. सगळं खूप लांब चाललंय असं वाटत होतं.

"पहले काहेकू नै बोले?"

"पहले बोलती तो तुमे आते क्या?"

पाहुणीनं विचार केला. "नै आते."

मला तिचं हे उत्तर आवडलं. मी तोंड उघडणार होते, खालानं माझ्याकडे न बघताच बोट वर केलं.

"लडकी कू है?"

"नै. आगे का अल्ला जाने."

मुलगी दारात उभी होती. पाहुणी तिच्याकडे वळली. "तू बोली थी मां कू, छुपाओ बोलके?"

"नै," मुलगी म्हणाली. "मैं बोली, मत छुपाओ. ये मेरे वास्ते छुपाये."

चहा आला. पाहुणीनं बशीत ओतून चहा घेतला, एकेक घोट. बशी खाली ठेवली. मग म्हणाली, ठरलंय ते ठरलंय, तिला मुलगी पसंत आहे आणि मुलालाही. फक्त एक गोष्ट. निकाहाच्या दिवशी खालानं नकाब घालूनच राहायचं. त्यांच्याकडची मोठी माणसं येतील, चार तोंडं बोलतील.

माझं डोकं भडकलं. अध्यक्षाला उघडं हवं होतं, हिला झाकलेलं. मी खालाकडे बघितलं. तिनं इतकी वर्षं याच एका उत्तरासाठी तोंड झाकलं होतं, आणि ते तिला मिळत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

खाला पाहुणीची बशी उचलत म्हणाली, "शादी मेरे अंगन में है. मेरे अंगन का मैं देखूंगी."

पाहुणी खालाकडे बघत राहिली. आता उठेल, मला वाटलं, आता बुरखा सावरेल आणि जाईल. तिनं हात पुढे केला आणि मशीनवर पडलेलं हिरवं कापड ओढून घेतलं. मुलीचा शरारा होता, अर्धा शिवलेला.

"घेर कम नै लग रा?" ती म्हणाली.

"कम नै है. हात में लेके देखो," खाला म्हणाली, आणि दोघी त्या कापडावर वाकल्या.

बाजाराला खाला अजून नकाब घालूनच जाते. मी विचारलं, आता कशाला? आता तर लग्नही झालं. ती म्हणाली, उन्हानं डागांची आग होते, आणि दुसरं म्हणजे तुला काय करायचंय? आमचं भांडण मिटलेलं नाही. ती मागच्या भिंतीशी बसलेली मुलगी अजून आतल्या आत शिजते आहे, तिच्या सासूशी मी दोनदा बोलून आले, तिसऱ्यांदा जाणार आहे. मी ते कापड बाईच्या अपमानाचंच मानते. आणि तो ठराव पुन्हा आला तर पुन्हा विरोधात उभी राहीन. दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात कशा बसवायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

निकाह पावसाळा संपल्यावर झाला. बोळात मांडव होता. खुर्च्या तरुण मंडळाच्या, गावात कुणाचंही कार्य असलं तरी त्याच असतात, आणि त्या अध्यक्ष स्वतः टेम्पोतून घेऊन येतो. सकाळचं कोवळं ऊन होतं. राहात्याची माणसं अजून यायची होती. अध्यक्ष दोन्ही हातांत खुर्च्यांची चळत घेऊन अंगणात आला, आणि समोर खाला उभी होती. नव्या जांभळ्या साडीत, डोक्यावर पदर, तोंड उघडं. ऊन थेट तिच्या गालावर होतं.

तो थांबला. त्याला जे बघायचं होतं ते त्याच्यासमोर होतं, हातभर अंतरावर. त्यानं एकदा बघितलं आणि मग त्याची नजर कुठं ठेवायची ते त्याला कळेना. ती खुर्च्यांवर गेली, मांडवाच्या बांबूवर गेली, शेवटी स्वतःच्या चपलांवर येऊन थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"भाभी," तो म्हणाला.

"हुभा काय ऱ्हायलास?" खाला म्हणाली. "सावलीत लाव त्या. म्हातारी मान्सं येनार हायत."

त्यानं खुर्च्या सावलीत लावल्या.